बडोद्याहून गिरगाव चौपाटी : मे महिन्यातली एक संध्याकाळ नीट जमवायची तर

उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्याच्या मराठी घरांतून मुंबईची एक खेप ठरलेली असते. आत्या गिरगावात, नाहीतर मामा बोरिवलीत. मुलांना समुद्र दाखवायचा म्हणून कुणीतरी म्हणतं, "संध्याकाळी चौपाटीवर जाऊ," आणि बेत तिथेच संपतो. मग निघायला उशीर होतो, पोचेपर्यंत अंधार पडतो, पाणी नेमकं चढत असतं आणि मुलांच्या वाट्याला वीतभर ओली वाळू येते. सूरसागर आणि आजवा ही बडोद्याची तळी बघत वाढलेल्या माणसाला पाणी दिवसातून चार वेळा जागा बदलतं, हे माहीत असलं तरी लक्षात राहत नाही. चौपाटीची संध्याकाळ चांगली जाणं ना जाणं भरती आणि सूर्य या दोन वेळांवर असतं, आणि त्या दोन्ही घरबसल्या बघता येतात.

दिवस तिथी बघून ठरवा

भरतीचे तक्ते मोबाइलवर मिळतात, जाण्याच्या आदल्या दिवशी ते बघाच. पण गाडीचं आरक्षण महिना-दोन महिने आधी करायचं असतं, आणि तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. कोकणपट्टीवर चालणारा हिशोब साधा आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून परत १ धरायचा. गुजराती कॅलेंडरवर सुद आणि वद लिहिलेलं असतं, तेच आपलं शुद्ध आणि वद्य. तिथी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे घरात कुठलंही कॅलेंडर असलं तरी चालतं.

पंचमीचं उदाहरण घ्या. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या आसपास पाणी भरलेलं आणि रात्री दहाच्या सुमाराला तळाला. तुम्ही साडेपाचला पोचलात तर पाणी मागे सरकत असतं आणि तुम्ही असेपर्यंत सरकतच राहतं. एकादशीला हिशोब सव्वाआठचा येतो. तेव्हा साडेपाचला दिसलेली वाळू आठपर्यंत बरीचशी पाण्याखाली जाते. या पद्धतीत पाऊण-एक तास इकडे तिकडे होतो, पण दिवस निवडायला एवढं पुरे.

मुलं बरोबर असतील तर द्वितीया ते पंचमी हे दिवस सर्वांत चांगले, मग पक्ष कुठलाही असो. संध्याकाळभर पाणी उतरत असतं, किनारा रुंदावत जातो, आणि खेळायला ओलसर पण घट्ट वाळू आयती मिळते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सहाच्या सुमाराला येते, तेव्हा किनारा सगळ्यात मोठा दिसतो खरा, पण दोन गोष्टी आड येतात. पाणी खूप आत गेल्यावर खालचा काळपट चिखल उघडा पडतो, त्याला वास असतो आणि त्यात पाय रुततो. शिवाय याच दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सर्वांत जास्त, म्हणजे चार मीटर किंवा त्याहूनही वर जातो. पाणी सगळा वेळ सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ अर्धं चढतं. सातपर्यंत दूर वाटलेलं पाणी साडेआठ-नऊला भराभर जवळ येतं, ते यामुळे. अष्टमीच्या आसपास हा फरक निम्म्यावर येतो. समुद्र सुस्त असतो, पण भरती संध्याकाळीच असल्यामुळे वाळू कमी मिळते. अष्टमी ते एकादशी हे दिवस मोठ्यांच्या नुसत्या बसण्या-बोलण्याला ठीक, किल्ले करणाऱ्या मुलांना नाहीत.

वद्य चतुर्थीचा बेत करताना घरात संकष्टी कोण धरतं ते आधी विचारा. उन्हाळ्यात त्या दिवशी चंद्रोदय रात्री दहाच्या सुमाराला होतो. तोवर भेळेच्या ठेल्यासमोर आजीला उपाशी बसवून ठेवणं बरं दिसत नाही.

वार निवडता येत असेल तर मंगळवार ते गुरुवारातला घ्या. रविवारी गर्दी दुप्पट असते, आणि लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीचे ब्लॉकही बहुधा रविवारीच दिवसा असतात. मुंबईत पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधीच्या आठवड्यातही समुद्र खवळायला लागतो, म्हणून एप्रिलचा मध्य ते मे अखेर हा खरा हंगाम.

सूर्य इथे समुद्रात बुडत नाही

बाहेरगावच्या लोकांची सर्वांत जास्त निराशा इथे होते. गिरगाव चौपाटीच्या पश्चिमेला मलबार हिल उभी आहे. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे चौपाटीवरून बघताना तो टेकडीवरच्या इमारतींमागे जातो, तोही खऱ्या सूर्यास्ताच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच. सूर्यास्ताची वेळ एप्रिलच्या मध्यात ७ च्या जरासं आधी, मेच्या मध्यात ७ वाजून ५ मिनिटांच्या आसपास, आणि जूनच्या सुरुवातीला ७.१० च्या पुढे.

सूर्य पाण्यात उतरताना बघायचाच असेल तर मरीन ड्राइव्हचं दुसरं टोक गाठा. नरीमन पॉइंटच्या बाजूला एनसीपीए या नाट्य-संगीतगृहाच्या पुढे रस्ता संपतो, तिथल्या कट्ट्यावरून उन्हाळ्यात मलबार हिलचं टोक उजवीकडे राहतं आणि समोर मोकळा समुद्र येतो. चर्चगेट स्टेशनवरून तिथे चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सूर्य बुडाला की तसंच कट्ट्याकट्ट्याने चौपाटीकडे चालत या. सुमारे साडेतीन किलोमीटर, रमतगमत एक तास. वाटेत दिवे लागतात आणि ती वळणदार ओळ चालता चालता पुरी उलगडते. मोठी माणसं आणि कॉलेजातली मुलं असतील तर हाच बेत करा. दहा वर्षांखालची मुलं असतील तर सूर्य सोडा आणि थेट वाळूत जा. मुलांना उजेडातली वाळू हवी असते, आणि दोन्ही करायला गेलात तर त्यांना अंधारातलीच मिळेल.

बडोदा ते वाळू

बडोदा ते मुंबई सेंट्रल ३९२ किलोमीटर. वंदे भारतला चार तासांच्या आत-बाहेर लागतात, इतर जलद गाड्यांना पाच ते सहा. दुपारी अडीच-तीनपर्यंत मुंबई सेंट्रलला उतरेल अशी सकाळची गाडी घ्या. त्याच रात्री परतायचं असेल तर सामान क्लोकरूममध्ये ठेवा. त्यासाठी प्रवासाचं तिकीट लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. दोरीने बांधलेली पिशवी किंवा नुसती चेन लावलेली बॅग घेत नाहीत, म्हणून दोन छोटी कुलपं घरूनच आणा. स्वच्छतागृहाचं कामही स्टेशनवरच उरकून घ्या, विशेषतः बायकांनी आणि लहान मुलांनी. नंतर किनाऱ्यावर शोधाशोध करायला लागते.

मुंबई सेंट्रलच्या लोकल फलाटावरून चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल पकडा. ग्रँट रोड, मग चर्नी रोड, इथे उतरायचं. सहा-सात मिनिटांचा प्रवास, दुसऱ्या वर्गाचं तिकीट माणशी ५ रुपये. फास्ट लोकल चर्नी रोडला थांबत नाही. चुकून बसलात तर थेट चर्चगेटला जाल, मग तिथून उलट स्लोने परत या. संध्याकाळची गर्दी चर्चगेटहून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे तुम्हाला जाताना जागा मिळते. चर्नी रोडला पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडलात की समोर मरीन ड्राइव्हचा रुंद रस्ता. गाड्या फार वेगात असतात, सिग्नल किंवा पादचारी पूल सोडून ओलांडू नका. वाळूपर्यंत पाच-दहा मिनिटं चालणं.

रिक्षा शोधू नका. शहराच्या या भागात रिक्षा चालतच नाहीत, त्या वांद्र्यापासून पुढे सुरू होतात. इथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून तिचं किमान भाडं ३१ रुपये झालं आहे. बसल्यावर मीटर पाडलेलं दिसू द्या. चौघं असाल आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर मुंबई सेंट्रलहून टॅक्सीच बरी.

पोचायची वेळ पाच ते सव्वापाच ठेवा. त्याआधी कोरडी वाळू अनवाणी पायांना चटका देते आणि सावली कुठेच नसते.

घाम, वारा, कपडे

बडोद्यातल्या चाळीस-बेचाळीस अंशांतून आलेल्याला मुंबईचे तेहतीस-चौतीस ऐकायला सोपे वाटतात. पण बडोद्याच्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या सुकतो आणि अंग थंड होतं. इथल्या दमट हवेत तो सुकत नाही, नुसता वाहतो. तहान लागल्यासारखं वाटत नाही आणि पाणी मात्र शरीरातून जात असतं. संध्याकाळसाठी माणशी एक लिटर पाणी जवळ असू द्या, मुलांना दर अर्ध्या तासाने चार घोट पाजा. मीठ-साखर-लिंबाची एक बाटली वेगळी ठेवा.

कपडे सुती आणि सैल. जीन्स नको: खाऱ्या पाण्याने भिजली की तीन-चार तास सुकत नाही आणि मांड्यांना घासते. पायात रबरी चपला. कोल्हापुरी किंवा कुठलीही चामड्याची वहाण खाऱ्या पाण्यात एकदा भिजली की कडक होऊन तडकते. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो तो पाचच्या सुमाराला जोरात असतो, त्यामुळे सतरंजी उडते आणि वाळू डोळ्यांत जाते. पातळ प्लॅस्टिकच्या चटईपेक्षा जुनी सोलापुरी चादर आणा, ती जागेवर राहते. चार कोपऱ्यांवर चपलांचे जोड आणि पाण्याच्या बाटल्या ठेवा. पाठ समुद्राकडे करून बसणं चमत्कारिक वाटेल, पण लहान बाळाला दूध पाजताना किंवा भरवताना तसंच बसा.

चादर कुठे टाकायची? पाणी सध्या कुठे आहे ते बघू नका, आधीची भरती कुठवर आली होती ते बघा. काड्या, शेवाळ, कचरा यांची एक वेडीवाकडी ओळ वाळूत दिसते, ती भरतीची रेघ. तिच्या वरच्या बाजूला दहा-बारा पावलं बसा. घडीची खुर्ची किंवा स्टूल आणणार असाल तर पायांखाली जाड पुठ्ठा किंवा पाट लागतो, नाहीतर एक पाय रुततो आणि म्हातारं माणूस कलंडतं. गुडघे दुखणाऱ्यांना वाळूत चालवूच नका. त्यांच्यासाठी मरीन ड्राइव्हचा कट्टा आहे. कट्ट्याखालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे सिमेंटच्या चारपायी ठोकळ्यांवर मात्र कुणालाही उतरू देऊ नका. शेवाळाने ते निसरडे असतात आणि फटीत पडलेला माणूस वरून दिसत नाही.

वाळूतला किल्ला

दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना इथली वाळू पहिल्या दहा मिनिटांत रडवते, कारण मातीसारखी ती आपणहून चिकटत नाही. तिला धरून ठेवतं ते कणांमधलं थोडंसं पाणी. कोरडी वाळू ढासळते, आणि फार पाणी झालं तरी ओघळते. मूठभर वाळू घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला आणि बोटांच्या फटींतून पाणी गळलं नाही, की ती वाळू बरोबर. अशी वाळू भरतीच्या रेघेपासून पाण्याच्या दिशेने मध्यावर सापडते. अगदी पाण्याच्या कडेची वाळू फार ओली असते, ती खंदकासाठी ठेवा.

घरून एक लहान बादली, जुनी कालथी आणि दोन-तीन वाट्या आणा. बादली एकदम काठोकाठ भरू नका. चार बोटं वाळू टाकायची, मुठीने ठोकायची, पुन्हा चार बोटं. मग उपडी करून वरून थापट्या मारून सरळ वर उचलायची, फिरवायची नाही. बुरूज खालून वर न रचता आधी मोठा ढीग ठोकून घ्या आणि वरून खाली कालथीने कापत या, म्हणजे तटाच्या पायऱ्या टिकतात. काचा आणि गंजलेले तुकडे वाळूत निघतात, म्हणून खणायच्या जागी एकदा मोठ्या माणसाने कालथी फिरवून बघावी.

पाण्यात किती

पोटऱ्यांपर्यंत, त्यापुढे नाही. हे पाणी पोहण्याचं नाही. शहराचं सांडपाणी या उपसागरात मिसळतं, त्यामुळे ते तोंडात-डोळ्यांत जाऊ नये, आणि पायावर उघडी जखम असेल तर पाण्यात शिरूच नये. तळ चिखलाचा असल्यामुळे पाय रुतून तोल जातो. एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि तो कोरड्यावर उभा न राहता मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला. जीवरक्षकाने शिट्टी मारली की कारण न विचारता बाहेर या.

पावसाच्या तोंडावर आणि पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे, दोरे लोंबणारे जीव किनाऱ्याला लागतात. वाळूत मेल्यासारखे पडलेले असले तरी त्यांचे दोरे डंख करतात. डंख झालाच तर चोळू नका, लिंबू लावू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे काडीने किंवा कापड गुंडाळलेल्या हाताने काढा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्याने शेका. श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर सरळ डॉक्टर.

चुकामूक ही चौपाटीवरची रोजची गोष्ट आहे. मुलांच्या मनगटावर बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा, आणि आल्याआल्या सगळ्यांना टिळकांच्या पुतळ्यापाशी नेऊन सांगा, "हरवलात तर इथे." १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्यांना अग्नी दिला तो याच चौपाटीवर, म्हणून या जागेला स्वराज्यभूमी म्हणतात. मुलांना तेवढं सांगितलं की जागा बरोबर लक्षात राहते.

खाणं

खाणं अंधार पडल्यावर, सव्वासातच्या पुढे. आधी खाल्लंत तर उजेड ठेल्यावर संपतो. ठेल्यांपुढच्या चटया गिऱ्हाइकांसाठी असतात. बसण्याआधी भाव विचारा आणि किती प्लेट ते स्पष्ट सांगा, कारण बसल्यावर एकेक वस्तू न मागता समोर येऊ शकते.

बडोद्यात जिला पकोडी म्हणतात ती इथे पाणीपुरी. पकोडी मागितलीत तर भजी विचारताय असं वाटेल. आत बटाटा-चण्याऐवजी बहुधा गरम रगडा असतो, त्यामुळे पहिली पुरी तोंडात टाकताना जरा जपून. त्याच रात्री गाडीत बसायचं असेल तर पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा टाळलेला बरा, कारण धोका पाण्यात आणि बर्फात असतो. तव्यावर डोळ्यांदेखत उकळणारी पावभाजी सर्वांत निर्धास्त. भेळ घ्यायची तर माणसं जागेवर बसल्यावर सांगा आणि हातात आल्याआल्या खा. चटणी पडल्यावर पाच मिनिटांत कुरमुरे मऊ पडतात, आणि दमट हवेत कोरडी शेवही फार वेळ टिकत नाही. याच कारणाने घरचा लीलो चेवडो आणि भाकरवडी किनाऱ्यावर उघडू नका, परतीच्या गाडीसाठी ठेवा.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. दोन कापडी पिशव्या आणा, एक ओल्या कपड्यांना आणि एक कचऱ्याला.

पाय झाडून परत

ओली वाळू पुसून निघत नाही, नुसती पसरते. आधी पाय वाऱ्यावर सुकू द्या, मग घोट्यापासून खाली टाल्कम पावडर लावून हाताने झाडा. वाळू सरसर गळून पडते. बोटांच्या बेचक्यांसाठी अर्धा लिटर पाणी राखून ठेवा. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात वाळू गेली असेल तर फुंकू नका, तोंडाची वाफ आत जाते. फोन उपडा धरून हलकेच टिचक्या मारा आणि पूर्ण साफ होईपर्यंत चार्जर लावू नका.

परतीच्या तिकिटावरचं सुटण्याचं स्टेशन दोनदा वाचा. बडोद्याकडच्या रात्रीच्या गाड्या काही मुंबई सेंट्रलहून, काही दादरहून, काही वांद्रे टर्मिनसहून सुटतात. मुंबई सेंट्रल असेल तर गाडीच्या एक तास आधी वाळू सोडा आणि टॅक्सी करा, कारण त्या वेळी उत्तरेकडच्या लोकलमध्ये सामान आणि मुलांसकट चढणं अवघड. दादर असेल तर सव्वा तास. वांद्रे टर्मिनस असेल तर पावणेदोन तास हाताशी ठेवा: ते वांद्रे लोकल स्टेशनपासून वेगळं आणि लांब आहे, मधे रिक्षा करावी लागते. सामान क्लोकरूममध्ये असेल तर ते घ्यायचा वेळ यात धरलेला नाही.

मुक्काम बोरिवली-अंधेरी-पार्ल्याकडे असेल तर एवढ्या लांब दक्षिणेला येण्यापेक्षा जुहूला जा. बडोद्याच्या बऱ्याच गाड्या बोरिवलीला थांबतात, तिथून लोकलने विलेपार्ले आणि पश्चिमेकडून रिक्षा. जुहूचा किनारा सरळ पश्चिमेकडे उघडा आहे, त्यामुळे सूर्य समुद्रातच बुडतो. पण लाटा गिरगावपेक्षा मोठ्या असतात. पोटऱ्यांची मर्यादा तिथे घोट्यांवर आणा.